मुक्त पाठ आणि भाषेचा शिक्षक : हातोदच्या एका प्रोग्रॅमिंग-वर्गाच्या निमित्ताने

संगणकाच्या शिक्षणाचा विषय निघाला, की आपल्यापैकी बहुतेक भाषाशिक्षक ते काम अभियंत्यांचे आहे असे म्हणून मोकळे होतात. फार तर एखाद्या पाठाचे शुद्धलेखन तपासून द्यावे, चार प्रतिशब्द सुचवावेत, एवढीच आपली मजल. नवशिक्यांसाठी तयार होणाऱ्या मुक्त शैक्षणिक साहित्यात भाषेच्या शिक्षकाला याहून बरेच मोठे काम आहे आणि त्यातला काही भाग त्याच्यावाचून अडून राहतो, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे. लेखाला निमित्त झाले ते हातोदला उन्हाळ्याच्या सुट्टीत घेतलेल्या सहा दिवसांच्या वर्गाचे.

हातोद हे इंदूर जिल्ह्यातील गाव. होळकरांच्या काळापासून माळव्यात स्थिरावलेली मराठी घरे इंदूर शहरात पुष्कळ आहेत. आसपासच्या गावांत ती विखुरलेली. या घरांतली मुले घरी मराठी बोलतात, गल्लीत माळवी आणि हिंदी, आणि शिकतात हिंदीतून किंवा इंग्रजीतून. वर्गाला अशी अकरा मुले-मुली होती. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवण्याचे काम संगणकशास्त्राच्या एका सहकाऱ्याकडे होते, मराठी टिपणे माझ्याकडे. इंग्रजीतील एक मुक्त पाठमाला घेऊन मी तिचा नेटका, प्रमाण मराठीत अनुवाद केला होता आणि मनातून त्यावर खूशही होते.

पहिल्या दिवशी आलेली अकरावीतली एक मुलगी दुसऱ्या दिवशी आली नाही. संध्याकाळी तिच्या घरी गेले. ती म्हणाली, "मॅडम, कॉम्प्युटरचं कळत होतं. मराठीच कळली नाही. आमची मराठी खरी मराठी नाही वाटतं." मराठी घरातल्या मुलीला आपली मातृभाषाच परकी वाटावी, हे माझ्या टिपणाने साधले होते. मी तिच्यापुढे पहिला पाठ ठेवला आणि जिथे अडखळलीस तिथे पेन्सिलीने खूण कर म्हटले. तिने तीन शब्दांखाली रेघ ओढली : सूचना, अवकाश, चल. पुढचा सगळा विचार या तीन रेघांपासून सुरू होतो.

मुक्त म्हणजे काय?

त्याआधी 'मुक्त' या शब्दाचा अर्थ स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण आपण तो 'फुकट' असा घेतो. फुकट मिळालेले पुस्तक वाचता येते, पण बदलता येत नाही. मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध झालेले साहित्य वाचता येते, वाटता येते, त्याचा अनुवाद करता येतो, त्यातली उदाहरणे बदलता येतात आणि बदललेली आवृत्ती पुन्हा प्रसिद्धही करता येते. २००२ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सचे पहिले परवाने आले, तेव्हापासून ही परवानगी लेखकाला आधीच, सर्वांसाठी आणि लेखी देता येऊ लागली. यातील सर्वांत खुल्या परवान्यांत अट असते ती मूळ कर्त्याचा उल्लेख करण्याची आणि आपण काय बदलले ते सांगण्याची. त्यातल्याच एका प्रकारात आणखी एक अट असते : तुम्ही जे बदलाल, तेही इतरांसाठी तसेच मुक्त ठेवा.

म्हणजे असा पाठ छापून झाला की संपत नाही. तो ज्या ज्या वर्गात जातो, तिथला अनुभव त्यात परत यावा अशी अपेक्षा असते. १९९८ मध्ये सुरू झालेल्या 'सॉफ्टवेअर कार्पेंट्री' या उपक्रमाचे पाठ असेच वाढले. संशोधकांना प्रोग्रॅमिंगची तोंडओळख करून देणाऱ्या या उपक्रमात नव्या शिक्षकाने प्रशिक्षणाचा भाग म्हणून पाठात एखादी छोटी सुधारणा सुचवावी, अशी पद्धत पुष्कळ वर्षे होती. एखादे चुकलेले वाक्य, एखादा न कळणारा प्रश्न, एवढेही चाले. पाठ हा सर्वांचा आहे आणि त्याची डागडुजीही सर्वांची आहे, ही सवय त्यातून लागते.

मराठीतला वस्तुपाठ

मराठीत याचे सर्वांत मोठे उदाहरण मुंबईच्या आयआयटीचे आहे. प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली तेथे उभा राहिलेला 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प केंद्र सरकारच्या राष्ट्रीय शिक्षण अभियानाच्या निधीतून चालत आला. मुक्तस्रोत सॉफ्टवेअर शिकवणारे साधारण दहा-दहा मिनिटांचे दृक्‌श्राव्य पाठ हे त्याचे स्वरूप. पडद्यावरची अक्षरे इंग्रजीच राहतात. निवेदन मात्र मराठीसह अनेक भारतीय भाषांत ध्वनिमुद्रित होते. शिकणाऱ्याने पाठ एकीकडे ऐकावा, दुसरीकडे तीच कृती स्वतः करावी आणि जवळ शिक्षक नसला तरी त्याचे अडू नये, अशी ही रचना आहे.

अनुवाद करणाऱ्याला या प्रकल्पात दोन रकान्यांचा तक्ता मिळतो : एका रकान्यात वेळ, दुसऱ्यात निवेदन. पडद्यावर बाण जिथे पोहोचला असेल, तिथलेच वाक्य त्या क्षणी ऐकू आले पाहिजे. म्हणून वाक्य लांबवून चालत नाही. जोडवाक्ये तुटतात, विशेषणे गळतात, आणि जे उरते ते बोलण्याजोगे मराठी असते. माझ्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, या प्रकल्पात पाठाच्या संहितेची नवशिक्याकडून तपासणी करून घेतात. विषयाच्या जाणकाराने पाठ तपासणे वेगळे आणि ज्याला तो विषय येत नाही त्याने तपासणे वेगळे. जाणकाराला मजकूर बरोबर आहे की नाही ते कळते. तो कुठे कळेनासा होतो हे केवळ नवशिकाच दाखवू शकतो. हातोदच्या त्या मुलीने पेन्सिलीने केले ते हेच काम होते. ते मी पहिल्या दिवसाआधी करून घ्यायला हवे होते.

तीन रेघांखालचे शब्द

'संगणकाला सूचना द्या' हे वाक्य पुण्या-नाशिकच्या विद्यार्थ्याला सरळ कळेल. मराठीत सूचना म्हणजे काय करायचे ते सांगणे. हिंदीत सूचना म्हणजे माहिती, वार्ता. हिंदीतून शिकलेल्या मुलीने त्या वाक्याचा अर्थ 'संगणकाला बातमी कळवा' असा घेतला आणि बातमी काय कळवायची हे तिला उमगेना. 'दोन शब्दांमध्ये अवकाश सोडा' या वाक्यात मराठीचा अवकाश म्हणजे मोकळी जागा. हिंदीचा अवकाश म्हणजे सुट्टी. तिसरा शब्द गणितातला. मराठी पाठ्यपुस्तकांत ज्याला 'चल' म्हणतात, त्याला हिंदी पाठ्यपुस्तकांत 'चर' म्हणतात. तिला चर माहीत होता. चल म्हणजे 'चल, निघू या' मधला चल.

तिन्ही ठिकाणी माझा शब्द चुकीचा नव्हता. तो ज्या वाचकासाठी होता तो वाचक तिथे नव्हता. परिभाषेचा प्रश्न आपण नेहमी 'मराठी शब्द की इंग्रजी शब्द' असा मांडतो. बृहन्महाराष्ट्रात त्याला तिसरी बाजू आहे : शब्द तोच, अर्थ शेजारच्या भाषेचा. हा फरक कोशात पाहून ध्यानात येत नाही, कारण प्रत्येक कोश आपापल्या भाषेपुरता अचूक असतो. दोन्ही भाषांत वावरणाऱ्या शिक्षकालाच तो जाणवतो.

परिभाषा घडवणाऱ्यांबद्दल मला अनादर नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कलनशास्त्रावर मराठीत 'शून्यलब्धी' हे पुस्तक लिहिले, तेव्हा त्यांच्यासमोर तयार शब्द नव्हते. महाराष्ट्र राज्याच्या भाषा संचालनालयाने पुढे अनेक शास्त्रांचे परिभाषाकोश सिद्ध केले, ते कामही मोठे आहे. पण 'शून्यलब्धी' ही संज्ञा आजच्या गणिताच्या वर्गात ऐकू येत नाही; शास्त्र मात्र मराठीतून शिकवले जाते. शब्द बदलला तरी चालते, समजावणे थांबता कामा नये.

वर्गापुरते आम्ही तीन नियम केले. पहिला, जो शब्द पडद्यावर दिसतो किंवा कळफलकावर टंकायचा आहे, तो आहे तसाच उच्चारायचा. 'प्रिंट'ला 'मुद्रित करा' म्हणायचे नाही, कारण विद्यार्थी ती अक्षरे पडद्यावर शोधत राहतो. दुसरा, संकल्पनेसाठी मराठी आणि हिंदी दोन्हींत एकाच अर्थाने चालणारा शब्द मिळाला तर तो आधी घ्यायचा : 'सूचना'ऐवजी 'आज्ञा', 'अवकाश'ऐवजी 'मोकळी जागा'. तिसरा, जिथे असा शब्द नाही तिथे संज्ञेआधी वस्तू दाखवायची. 'चल' म्हणण्याआधी स्वयंपाकघरातला डबा आठवायला सांगितला. डब्यावर 'साखर' अशी चिठ्ठी. आत आज दोन किलो, उद्या अर्धा. चिठ्ठी तीच, आतला माल बदलतो. हे कळल्यावर त्याला मराठीत चल म्हणतात आणि हिंदीत चर, हे दोन्ही सांगून टाकले. त्या मुलीने वहीत दोन्ही शब्द शेजारी-शेजारी लिहून घेतले. ती तिसऱ्या दिवसापासून पुन्हा येऊ लागली होती.

उदाहरण बदलणे

मूळ पाठात उपाहारगृहाचे बिल आणि त्यावरची बक्षिसी डॉलरमध्ये काढायची होती. मी डॉलरचे रुपये केले होते आणि अनुवाद झाला असे समजले होते. वर्गात उदाहरण चालले, उत्तर आले, कोणाला काही वाटले नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही मंडीचे उदाहरण घेतले. इथल्या बहुतेक घरांत सोयाबीन, गहू, लसूण किंवा बटाटा यांची विक्री हा रोजच्या बोलण्यातला विषय आहे. पाठ असा झाला :

भाव = ५०००
वजन = २४०
रक्कम = भाव × वजन

उत्तर आले बारा लाख. मागच्या बाकावरचा मुलगा मोठ्याने हसला : "अडीच क्विंटलसुद्धा सोयाबीन नाही आणि बारा लाख?" भाव क्विंटलचा होता, वजन किलोत होते, शंभराने भागायचे राहिले होते. चूक त्याने स्वतः शोधली, स्वतः दुरुस्त केली, आणि बारा हजार आल्यावरच तो खाली बसला. सोयाबीनचा आकडा सोयीसाठी घेतलेला होता, पण बारा लाख अशक्य आहेत हे त्याला कोणी सांगावे लागले नाही.

बिलाच्या उदाहरणात उत्तर शंभरपट चुकले असते तरी ते कोणाच्या लक्षात आले नसते, कारण त्या उपाहारगृहात किती बिल होते हे कोणालाच माहीत नव्हते. प्रोग्रॅमिंग शिकणे म्हणजे मुख्यतः आपली चूक ओळखायला शिकणे. तेव्हा उदाहरण निवडण्याची कसोटी हीच ठेवावी : उत्तर चुकले तर ते चुकले आहे हे विद्यार्थ्याला आपल्या अनुभवावरून कळेल काय? कोकणात आंब्याची पेटी चालेल, कोल्हापूरकडे उसाचे टन, इंदुरात लसणाचे क्विंटल. एकच मराठी पाठ सगळीकडे जसाच्या तसा चालणार नाही. आणि मुक्त परवान्यामुळे तो तसा चालवण्याची सक्तीही नाही.

एक बारकावा सांगून ठेवते. २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या पायथनपासून चलांची नावे देवनागरीत ठेवता येतात, म्हणजे 'भाव' आणि 'वजन' ही नावे खरोखरच चालतात. मात्र वर छापले आहेत तसे देवनागरी अंक आज्ञेत टंकले तर पायथन ते स्वीकारत नाही; अंक इंग्रजीच द्यावे लागतात. गुणाकारासाठीही फुलीऐवजी तारांकन लागते. प्रत्येक ओळीत कळफलक बदलावा लागल्याने नवशिका दमतो. म्हणून पहिले दोन दिवस आम्ही मराठी नावे रोमन अक्षरांत लिहिली आणि देवनागरी तिसऱ्या दिवशी आणली.

पाठ जिथे मोडतो

शब्द बदलले, उदाहरणे बदलली, तरी काही पाठ अनुवादात मोडतात. तिथे अनुवादकाचे काम संपते आणि लेखकाचे सुरू होते. इंग्रजी पाठमालेत शब्दाची लांबी मोजण्याचा एक सोपा पाठ असतो. रोमनमध्ये 'हॅलो' लिहिले की पाच अक्षरे. संगणकही पाच सांगतो. आम्ही तिथे 'हातोद' घातले. मुलांनी बोटांवर मोजले : हा, तो, द. तीन. संगणकाने सांगितले पाच. मग शब्द उलटा करण्याची आज्ञा दिली. मुलांची अपेक्षा होती 'दतोहा'. पडद्यावर आले 'दोताह'.

सहकारी म्हणाले, हे युनिकोडचे प्रकरण आहे, नवशिक्यांना नको, आपण रोमन शब्दच घेऊ. मला ते पटले नाही. आपल्या गावाचे नाव संगणकाला मोजता येत नाही आणि परक्या लिपीतले शब्द बरोबर मोजता येतात, असा समज घेऊन मुले घरी गेली असती. आणि याचे उत्तर तर प्रत्येक मराठी प्राथमिक शाळेत पूर्वीपासून पाठ करून घेतले जाते : ह ला काना हा, त ला काना-मात्रा तो, द. संगणक नेमके असेच साठवतो. ह, मग काना, त, मग काना-मात्रेची एकच खूण, मग द. एकूण पाच. उलटे केल्यावर क्रम होतो द, काना-मात्रा, त, काना, ह. मागची खूण आता वेगळ्या व्यंजनाला चिकटते आणि 'दोताह' तयार होते. संगणक चुकला नव्हता. तो अक्षरे मोजत नव्हता, खुणा मोजत होता.

मग मुलांनी 'शिप्रा' मोजायला घेतले. दोन अक्षरे, संगणकाच्या हिशेबाने सहा : श, ऱ्हस्व वेलांटी, प, पाय मोडण्याची खूण, र, काना. वेलांटी कागदावर श च्या आधी येते, साठवताना नंतर; कारण उच्चारात ती नंतरच आहे. लेखन आणि उच्चार यांचा हा फरक मी पदवीच्या वर्गात भाषाविज्ञानाच्या तासाला कितीदा तरी शिकवला आहे. इतक्या थोड्या वेळात तो कधी पोहोचला नव्हता.

इंग्रजी पाठमालेत हा पाठ असण्याचे कारणच नाही. तो मराठीच्या, किंवा देवनागरी वापरणाऱ्या कोणत्याही भाषेच्या शिक्षकानेच लिहायचा आहे. काना-मात्रा शिकवलेली व्यक्ती तो लिहू शकते. त्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही.

परत पाठवणे

वर्ग संपला तेव्हा आमच्याकडे सुधारलेली टिपणे होती. ती कपाटात ठेवली असती तर पुढच्या गावातला शिक्षक पुन्हा 'सूचना' आणि 'अवकाश' यांच्याशी झगडला असता. मुक्त साहित्यात बदल परत पाठवण्याची ठरलेली रीत आहे. मूळ पाठाची आपली एक प्रत करायची, तीत बदल करायचा आणि का केला याची टीप जोडून तो मूळ संपादकांकडे पाठवायचा. ते प्रश्न विचारतात, दुरुस्ती सुचवतात, स्वीकारतात किंवा नाकारतात. कोणी, कधी, काय बदलले याची नोंद कायम राहते.

साहित्याच्या अभ्यासकाला यात नवे काही नाही. हे पाठभेदाचे शास्त्र आहे. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती पाहून पाठ शुद्ध केला आणि पुढे कोणी त्यात आपली भर घालू नये असे बजावले. ग्रंथाचे पावित्र्य राखायचे असेल तर तेच योग्य. शिकवण्याच्या पाठाची गोष्ट वेगळी : त्यात भर घातली जावी, पण कोणती ओळ कोणाची हे कधी झाकले जाऊ नये. संहितासंपादनाची शिस्त ज्याने अभ्यासली आहे, त्याला ही व्यवस्था अर्ध्या तासात कळते.

टीप कशी लिहावी, याबद्दल अनुभवाने चार गोष्टी सांगता येतील. बदल एका वेळी एकच पाठवावा. दहा एकत्र पाठवले तर एका वादग्रस्त शब्दापायी उरलेले नऊ अडकतात. 'हा शब्द योग्य वाटत नाही' असे न लिहिता कोणता विद्यार्थी कुठे थांबला आणि त्याने काय अर्थ घेतला, ते लिहावे. बदल कोणत्या वर्गात वापरून पाहिला, तेही नोंदवावे. आणि नकाराची तयारी ठेवावी. 'सूचना'बद्दल मी पाठवलेल्या बदलाला उत्तर आले, की मराठीत हा शब्द योग्यच आहे. ते बरोबर होते. चार पत्रांनंतर तोडगा निघाला : मूळ शब्द राहिला, आणि हिंदीतून शिकलेल्या मुलांसाठी शिक्षकाने काय सांगावे याची दोन ओळींची टीप पाठाखाली आली. माझ्या मागणीपेक्षा हा तोडगा चांगला आहे.

मराठीतच कशासाठी?

शेवटच्या दिवशी एका पालकांनी विचारले, "मॅडम, हिंदीत एवढं सगळं मिळतंय, मग मराठीत कशाला?" प्रश्न रास्त होता. मध्य प्रदेशात २०२२ मध्ये वैद्यकीय शिक्षणाची पहिल्या वर्षाची पुस्तकेसुद्धा हिंदीत आली. त्या मुलांना पुढे हिंदी आणि इंग्रजीतूनच शिकायचे आहे, आणि वर्गातली काही मुले मधूनमधून हिंदी पाठ पाहत होतीच. मी त्यांना अडवले नाही.

मी त्यांना एवढेच सांगितले, की आपल्या घरात मराठी आज जेवणाखाणाची, सणवारांची आणि आजीशी बोलण्याची भाषा आहे. मूल नवे काही शिकून घरी आले आणि ते आजीला सांगू लागले, की भाषा बदलते. मग हळूहळू सांगणेच बंद होते. सहा दिवस ही मुले घरी जाऊन मराठीत काहीतरी नवे सांगत होती. २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद आपण सर्वांनी केला. तो दर्जा भाषेच्या जुनेपणाला आहे. तिच्यात आज नवे काय समजावता येते, हे काम आपल्याकडे उरते.

हे काम लहान तुकड्यांत करता येते. या अंकाच्या वाचकांपैकी जे शिक्षक आहेत, त्यांनी कोणताही एक मुक्त मराठी पाठ उघडावा, तो एका विद्यार्थ्यापुढे ठेवावा, हातात पेन्सिल द्यावी आणि स्वतः गप्प बसावे. जिथे रेघ पडेल तिथे काय अर्थ घेतला ते विचारून लिहून घ्यावे आणि पाठवून द्यावे. जे लेखक आहेत, त्यांनी आपल्या भागातले एक असे उदाहरण लिहावे, ज्यातली चूक तिथल्या मुलाला हसवील. विद्यार्थ्यांनी आपल्या गावाचे नाव उलटे करून पाहावे. इंदूरचे 'रूदंइ' का होते, हे ज्याला काना-मात्रेच्या भाषेत समजावता येईल, त्याने ते लिहून काढावे. तो पाठ अजून लिहायचा आहे.